आधी बोल्डरिंग, दोर नंतर

सहा वर्षांच्या मुलीला इनडोअर क्लाइंबिंगला न्यावं का, असं एका आईने विचारलंय. खुशाल न्या, पण सुरुवात बोल्डरिंगने करा. भिंत साधारण चार-साडेचार मीटर, दोर नाही, खाली जाड गाद्या. मात्र कोणी वर असताना खाली पोरं बागडता कामा नयेत, वरचा थेट अंगावर येतो. धपकन उडी न मारता पकडी धरत उतरायला शिकवा. पुढे दोराच्या भिंतीवर गेलात, तर ऑटो-बिलेला (दोर आपोआप ओढून घेणारं आणि हात सुटला तर हळू खाली आणणारं यंत्र) किमान वजनाची अट असते, ती आधी विचारा. आणि हार्नेसला (कमरेच्या-मांड्यांच्या पट्ट्याला) दोराचा कॅराबिनर, म्हणजे धातूची कडी, अडकवलाय ना, हे दर वेळी स्वतः बघा. आमच्या सासूबाई ‘मी नुसती बघणार’ म्हणून आल्या आणि खालून ‘डावा पाय त्या पिवळ्यावर!’ सुरू. बरोबर सांगत होत्या हो! नवऱ्याचा सगळा भार हातांवर, थोड्याच वेळात बोटं इतकी आखडली की बाटलीचं झाकण लेकीने उघडून दिलं.