मदत हवी आहे: त्याच कंपनीची बाईक परत घ्यावी का?

भावांनो, आधीच्या गाडीचं रेक्टिफायर (बॅटरीला चार्जिंगचा करंट देणारा पार्ट) वॉरंटीतच गेलं, बदलून दिलं तरी गगनबावड्याच्या घाटात परत चार्जिंग बंद, हेडलाइट पिवळा पडत पडत विझला आणि मागं बायको बसलेली, ते लई जिव्हारी लागलंय. शोरूमवाले बॅटरीवरच ढकलायचे, शेवटी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं मीटर लावून दाखवलं, रेस दिली तरी व्होल्टेज साडेबाराच्या वर जाईना, पाहिजे चौदाच्या आसपास. आता त्यांचं नवीन मॉडेल चालवून बघितलं, इंजिन खरंच गोड आहे. पण फ्युएल इंजेक्शनवाल्या गाडीत पंप, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सगळं करंटवरच, तो गेला की गाडी जाग्यावर. एकदा असा त्रास झाल्यावर त्याच कंपनीची गाडी परत कुणी घेतलीय का? आपल्याकडच्या पावसात वायरिंग टिकलं का, पार्ट वेळेवर मिळतात का, खरं खरं सांगा.