मुलाचं पुस्तक तडीला नेणारी आई
न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या वस्तीतल्या कृष्णवर्णीय समलिंगी लेखकांचा वारसा मधल्या काळात तुटला, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. १९२६ साली 'फायर!!' मासिकात पुरुषाच्या पुरुषावरच्या प्रेमाची कथा लिहिणारे रिचर्ड ब्रूस न्यूजंट १९८७पर्यंत हयात होते. पुढच्या पिढीतले कितीतरी जण मात्र एड्सने ऐन उमेदीत नेले. संपादक जोसेफ बीम १९८८ मध्ये गेले, तेव्हा कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांच्या लेखनाचं त्यांचं दुसरं संकलन अर्धवट होतं. कवी एसेक्स हेम्फिल फिलाडेल्फियात बीम यांच्या आई डोरोथी यांच्याकडे राहायला गेले आणि डोरोथीबाईंच्या साथीने पुस्तक १९९१ मध्ये निघालं. मुलाच्या मित्राला घरात घेऊन मुलाचं काम तडीला नेलं त्या माउलीने! वारशाच्या चर्चेत तिचं नाव येत नाही, याचं फार वाईट वाटतं. हेम्फिलही १९९५ मध्ये गेले.