टपोरं, ठसठशीत की गुबगुबीत?

प्रश्न : दुकानांच्या पाट्यांवर, खाऊच्या पुड्यांवर जाड आणि गोलसर वळणाची अक्षरं दिसतात, मुंबईच्या ‘एक टाईप’ या अक्षररचना संस्थेच्या ‘बलू’सारखी. अशा टंकाला (म्हणजे फॉन्टला) मराठीत नेमकं विशेषण कोणतं? ‘ठळक’ चालेल?

उत्तर : नको. ‘ठळक’ हे वजनाचं, म्हणजे रेघेच्या जाडीच्या पायरीचं नाव, आणि ते शेजारच्या टंकावरून ठरतं. ‘बलू’च्या नव्या आवृत्तीत, ‘बलू २’मध्ये, ४०० ते ८०० अशी पाच वजनं आहेत. त्यातलं ७०० ठळक, पण गोलाई ४००मध्येही आहेच. जुन्या ‘बलू’ला एकच वजन होतं आणि तेच मुळात जाड. त्यावर ‘बी’चं (ठळक करायचं, ‘बोल्ड’चं) बटण दाबलं की संगणक पदरची जाडी घालतो, अक्षर सगळीकडून सारखंच फुगतं आणि ‘म’ची गाठ बुजून नुसता ठिपका उरतो.

प्रश्न : मग ‘टपोरं’? टपोरं अक्षर म्हणतोच की आपण.

उत्तर : त्यात मोठेपणा आणि गोलाई आली, जाडी नाही. बारीक निबानं काढलेलं अक्षरही टपोरं असतं. (‘टपोरी टंक’ मात्र लिहू नका, मुंबईत भलताच अर्थ होईल.) ‘ठसठशीत’ म्हणजे लांबून नजरेत भरणारं, कुंकवासारखं. चौकोनी, टोकदार टंकही ठसठशीत असू शकतो. माझं मत ‘गुबगुबीत’ला. उशीला म्हणतो तसं. जाडी, मऊपणा, गोलाई तिन्ही त्यात येतात. ‘गुटगुटीत’ बाळांकडेच राहू दे.

आणखी एक : टोकं गोल असणं वेगळं आणि अंगच गोल असणं वेगळं. फोक्सवागनसाठी १९७९मध्ये झालेल्या ‘व्हॅग राउंडेड’ची रेघ एकसारख्या जाडीची, फक्त टोकं गोल. त्याला ‘गोलटोकी’ म्हणावं. शिकागोचा अक्षरकार ऑस्वाल्ड कूपर याचा १९२२चा ‘कूपर ब्लॅक’ खरा गुबगुबीत: अक्षरांच्या आतल्या पोकळ्या लहान, टोकं वितळल्यासारखी. ‘बलू’ त्याच बाजूचा. नावातच भालू आहे. बाकीच्या लिप्यांत त्याला नातीही चिकटवलीत: गुजरातीत ‘बलू भाई’, बंगालीत ‘बलू दा’, तमिळमध्ये ‘बलू तंबी’, मल्याळममध्ये ‘बलू चेट्टन’.

वापराबद्दल : हा टंक शीर्षकापुरताच. मजकुराला लावला तर जाड शिरोरेघांचे नुसते काळे पट्टे दिसतात. देवनागरीत धोका शिरोरेघेतल्या फटीचा. ‘भ’ आणि ‘ध’ची फट लहान आकारात बुजली की ‘भात’चा ‘मात’ आणि ‘धार’ची ‘घार’ होते. म्हणून ‘धाभाथ’ असं काहीतरी प्रत्यक्ष आकारात छापून हातभर अंतरावरून वाचून पाहा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते. दोन ओळी असतील तर ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट धरा, नाहीतर वरचे उकार खालच्या मात्रांवर बसतात. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य आणि मराठी वळणाचे ल, श येतात का, हे टंक निवडण्याआधीच बघून घ्या.

प्रश्न : पाटी करणाऱ्याला हे सगळं कसं सांगू?

उत्तर : ‘गुबगुबीत’ म्हणा, त्याला कळेल. पण टंकाचं नाव आणि वजनाचा आकडा कागदावर लिहून द्या. नुसतं ‘जाड करा’ म्हणालात तर तो ‘बी’ दाबणार.