सोसायटी ग्रुप: बास्केटखाली उभा राहणारा बिल रसेल

बी-५०२ वहिनी: नमस्कार. धाकट्याला शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये सेंटरला टाकलंय, उंच आहे म्हणून. रुसलाय. म्हणतो, पॉइंट बाकीचे मारतात, मी नुसता बास्केटखाली उभा. कोणी समजावेल का त्याला?

ए-१०३ काका: वहिनी, त्याला बिल रसेल सांगा. अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या बोस्टन सेल्टिक्स टीमचा सेंटर. १९५६ ते १९६९, १३ सीझन, त्यात ११ विजेतेपदं. आणि पॉइंट? मॅचला सरासरी १५. रिबाउंड, म्हणजे बास्केट हुकल्यावर पकडलेले चेंडू, मात्र २२ च्या वर.

सी-४०१: काका, आदर आहे, पण सेंटर म्हटलं की विल्ट चेंबरलेन. १९६२ मध्ये एका मॅचला १०० पॉइंट! त्या सीझनची सरासरीच ५० च्या वर.

ए-१०३ काका: बरोबर. पण त्याच सीझनचा सर्वोत्तम खेळाडू कोण ठरला? रसेल. तेव्हा हे मत खेळाडूच द्यायचे, म्हणजे जे दोघांच्याही समोर उभे राहत होते तेच. त्या वर्षी बोस्टनने आधी चेंबरलेनच्या टीमला सात मॅचमध्ये हरवलं, मग लॉस एंजेलिस लेकर्स टीमविरुद्ध फायनलच्या सातव्या मॅचला रसेलचे ३० पॉइंट आणि ४० रिबाउंड. मॅच ओव्हरटाइममध्ये गेली आणि बोस्टनने काढली.

बी-५०२ वहिनी: पण तो नेमकं करायचा काय?

ए-१०३ काका: ब्लॉक, म्हणजे समोरच्याने बास्केटकडे मारलेला चेंडू अडवणं. बहुतेक उंच खेळाडू चेंडू जोरात फटकावून बाहेर घालवतात. टाळ्या मिळतात, पण चेंडू परत समोरच्याकडेच. रसेल नुसता बोटांनी वळवायचा, चेंडू आतच राहायचा, आपल्या माणसाच्या हातात. तिथून फास्ट ब्रेक, म्हणजे समोरचे सावरायच्या आत झटपट हल्ला. सेल्टिक्सचा वेग इथून सुरू व्हायचा. एनबीएने ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४ मध्ये, तो निवृत्त झाल्यावर. त्याचं सर्वात मोठं काम अधिकृत आकड्यांत नाहीच.

डी-२०२ ताई: मला त्याचं खेळाबाहेरचं जास्त मोठं वाटतं. १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला टीममधल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये खायला दिलं नाही. तो आणि सहकारी मॅच न खेळताच परतले. १९६३ मध्ये मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे मेडगर एव्हर्स यांची हत्या झाली, तर हा तिथल्याच जॅक्सन शहरात जाऊन गोऱ्या-काळ्या मुलांचं एकत्र शिबिर घेऊन आला. धोका माहीत असून.

ए-६०४: ताई, खेळाडूने खेळावं. बाकीच्यात कशाला पडायचं?

डी-२०२ ताई: बोस्टनजवळ रेडिंग गावात त्याचं घर फोडलं, भिंतींवर शिव्या लिहिल्या, बिछान्यात घाण केली. ज्या शहराला तो विजेतेपदं देत होता त्याच्या शेजारी. त्याने गप्प बसायचं?

ए-१०३ काका: ताईंशी पूर्ण सहमत. १९६६ मध्ये तो खेळता खेळताच सेल्टिक्सचा कोच झाला, एनबीएतला पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच. १९६८ आणि १९६९ ची विजेतेपदं त्याने कोच म्हणूनही जिंकली.

डी-२०२ ताई: १९७५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, निवड झाली तेव्हा गेला नाही. आपल्या आधी इतरांचा मान होता असं त्याचं म्हणणं. चक कूपर, एनबीए ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात ती निवड) निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, २०१९ मध्ये आत गेला, त्यानंतरच रसेलने हॉल ऑफ फेमची अंगठी घेतली. २०२२ मध्ये तो गेल्यावर त्याचा जर्सीवरचा ६ नंबर सगळ्या लीगनेच निवृत्त केला, म्हणजे पुढे नव्या कुणाला द्यायचा नाही. असा मान आधी कुणालाच नव्हता.

सी-४०१: हे सगळं मान्य. पण १९६९ च्या फायनलनंतर त्याने चेंबरलेनला नावं ठेवली, ते मला अजून खटकतं. विल्ट तेव्हा लेकर्समध्ये होता, आणि गुडघा दुखावला म्हणून बाहेर बसला होता.

ए-१०३ काका: खटकायलाच हवं. लेकर्सनी जिंकणार म्हणून छताला फुगे बांधून ठेवले होते, बोस्टन १०८-१०६ ने जिंकलं, आणि नंतर रसेल म्हणाला की विल्टने मैदान सोडायला नको होतं. चुकीचं बोलला. आधी हे दोघे एकमेकांच्या घरी जेवायचे, त्यानंतर कित्येक वर्षं बोलणं बंद. पुढे रसेलने माफी मागितली, जाहीरपणेही. १९९९ मध्ये विल्ट गेला तेव्हा त्याच्या अंत्यविधीला रसेल बोलायला उभा होता.

सी-४०१: माफीचं माहीत नव्हतं काका. त्या दोघांच्या मॅचेस यूट्यूबवर असतील तर लिंक टाका ना. वहिनींच्या धाकट्यालाही बघू दे.