मदत हवी आहे: अमेरिकेत क्रेडिट रिपोर्टवर आलेलं कलेक्शन कसं काढायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. चार वर्षं एका भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये काढून गेल्या ऑगस्टमध्ये शेजारच्या गावात आलो. आता घर घ्यायचं म्हणून मागच्या आठवड्यात लोन ऑफिसरकडे कागद दिले, तर तो म्हणाला, तुमच्या नावावर एक कलेक्शन (वसुली एजन्सीकडे गेलेल्या थकबाकीची नोंद) दिसतंय. आम्ही गार! आजवर क्रेडिट कार्डाचं एक बिल थकवलेलं नाही.

खणल्यावर कळलं की जुन्या कॉम्प्लेक्सने कार्पेट आणि रंगाचे मिळून २,९८० डॉलर लावले, त्यात डिपॉझिटचे १,६४० वळते केले आणि राहिलेले १,३४० एका एजन्सीकडे वसुलीला दिले. एजन्सी म्हणते पत्र जुन्या पत्त्यावर पाठवलं होतं. पोस्टात पत्ता बदलून घेतला होता, तरी आम्हाला चिटोरंसुद्धा मिळालेलं नाही. (कार्पेटवर वरणाचा एक डाग होता, खोटं कशाला बोलू. पण एका डागासाठी दोन खोल्यांचं कार्पेट?)

घाबरून मी लगेच एजन्सीला फोन लावला. बाई गोड बोलल्या: शुक्रवारपर्यंत ८०० भरा, विषय संपला. नोंद रिपोर्टवरून निघेल का विचारलं तर म्हणाल्या, 'पेड' म्हणून अपडेट करू. लोन ऑफिसरच्या मते त्याने फारसं भागणार नाही, कारण घरकर्जाला अजून बहुतेक जुनीच फायको मॉडेल (क्रेडिट स्कोअर काढायच्या पद्धती) बघतात आणि त्यांत भरलेलं कलेक्शनही नडतं.

'पे फॉर डिलीट', म्हणजे पैसे भरायच्या बदल्यात नोंदच काढून घेणं, कुणाला प्रत्यक्षात जमलंय का? पत्रात काय लिहिलंत? शिवाय एक मित्र घाबरवतोय की पैसे भरले की नोंद रिपोर्टवर राहायची सात वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. हे खरं आहे का?

प्रतिसाद

आधी तो शुक्रवार डोक्यातून काढा. घाई त्यांना आहे. पुढच्या शुक्रवारीही ते तुमचे पैसे नाकारणार नाहीत.

मित्राची गल्लत झाली आहे. रिपोर्टवरची सात वर्षं मूळ थकबाकीपासून मोजतात, पैसे भरल्याने ती पुढे सरकत नाहीत. कोर्टात दावा लावायची मुदत वेगळी. न्यू जर्सीत अशा करारांना ती सहा वर्षं आहे आणि थोडेसे पैसे भरले तर ती नव्याने सुरू होऊ शकते. म्हणून 'सध्या शंभर भरतो' असलं काही करू नका.

मला पे फॉर डिलीट जमलं, जिमच्या ४१० डॉलरसाठी. पत्राचा गाभा एवढाच: हे देणं मला मान्य नाही, तरी तिन्ही ब्यूरोंकडची (क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या कंपन्यांकडची) नोंद काढून टाकाल असं तुमच्या लेटरहेडवर लिहून दिलंत तर अमुक रक्कम दहा दिवसांत एकरकमी भरीन. सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह पाठवलं. पहिल्या पत्राला नकार आला. दुसऱ्यात आकडा थोडा वाढवला, महिन्याने होकार. ब्यूरोंना हा प्रकार आवडत नाही आणि एजन्सीवर कायद्याची सक्तीही नाही, तेव्हा सरळ नाही म्हणणाऱ्याही भेटतील. लेखी हातात आल्याशिवाय एक डॉलर सोडू नका, आणि बँक खात्याचा नंबर तर मुळीच देऊ नका. मी कॅशियर्स चेक (बँकेने स्वतःच्या नावे काढलेला चेक) पाठवला होता.

प्रतिसाद

भाव करायच्या आधी देणं लागता का ते तर बघा! न्यू जर्सीत घर सोडल्यापासून ३० दिवसांत मालकाने डिपॉझिट व्याजासकट परत द्यायचं असतं, आणि काही कापलं असेल तर कलमवार यादी रजिस्टर्ड किंवा सर्टिफाइड पोस्टाने पाठवायची असते. रोजच्या वापराने झिजलेल्या कार्पेटचे पैसे भाडेकरूकडून घेता येत नाहीत. कॉम्प्लेक्सच्या ऑफिसकडे यादी, फोटो आणि पोस्टाची पावती लेखी मागा. नसेल तर त्यांनाच खातं एजन्सीकडून परत घ्यायला लावा, कारण एजन्सी त्यांच्या वतीनेच वसुली करते आहे. ते ऐकत नसतील तर हेच कागद जोडून एक्विफॅक्स, एक्सपेरियन, ट्रान्सयुनियन या तिन्ही ब्यूरोंकडे डिस्प्यूट (नोंद चुकीची असल्याची तक्रार) टाका. साधारण ३० दिवसांत त्यांना चौकशी पुरी करावी लागते. फक्त लोन ऑफिसरला आधी विचारा, डिस्प्यूट चालू असताना काही बँका फाइल पुढे सरकवत नाहीत.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. शुक्रवार गेला, आभाळ कोसळलं नाही. बाईंचा सोमवारी फोन आला, आता ७०० म्हणतात. मी म्हटलं, लेखी पाठवा.

कॉम्प्लेक्सकडून कालच ईमेल आला. सर्टिफाइड पोस्टाची पावती 'शोधतोय' म्हणे. यादीत दोनच ओळी, सोबत तीन फोटो. त्यातल्या एका फोटोतलं कार्पेट निळं आहे. आमचं बदामी होतं, आणि घरात शिरतानाचे फोटो माझ्याकडे तारखेसकट आहेत. आता हे आधी कॉम्प्लेक्सच्या मॅनेजरला दाखवू, की काही न बोलता थेट ब्यूरोंकडे पाठवू?