‘हँड ऑफ फेट’: तलवार कच्ची की पानं पक्की?

मामा: पोरांनो, ‘हँड ऑफ फेट’ हा व्हिडिओ गेम कोणी खेळलंय का? पत्त्यांचा खेळ म्हणून उघडला. बघतो तर हातात तलवार देऊन दरोडेखोरांपुढे उभं केलंय. हे काय प्रकरण आहे?

दादा: मामा, बंद कर. पत्त्यांपर्यंत ठीक आहे, मारामारी अगदीच सुमार. एक बटण मारायचं, एक अडवायचं, एक बाजूला व्हायचं. बॅटमॅनच्या ‘आर्कम’ खेळांतून उचललीय, तिथली सफाई तेवढी राहून गेली.

ताई: सफाई नाही हे मान्य. पण तू नुसता मारामारीचा खेळ समजून खेळलास तर दुसरं काय दिसणार?

दादा: ठेवलीय ना मारामारी? मग ती नीट हवी. कॅमेरा अडकतो, मागून कोण येतंय कळत नाही, मैदानंही तीच तीच.

मामा: मला तो समोर बसलेला माणूस आवडला. वाटता वाटता टोमणे मारतो.

ताई: डीलर! अँथनी स्कोर्डीचा आवाज आहे. आपण मेलो की दुःखाचा आवसुद्धा आणत नाही मेला. त्याच्यासाठी मी अख्खा खेळ खेळले.

वहिनी: मामा, तुम्ही अन्न किती ठेवता?

मामा: ठेवतो कसलं? सगळी पालथी पानं उलटून बघत सुटलो आणि उपाशी मेलो.

वहिनी: नवखे सगळे तसेच मरतात. एका पालथ्या पानावरून पुढच्या पानावर एक पाऊल टाकलं की एक अन्न जातं आणि थोडी तब्येत भरते. अन्न संपलं की मात्र पावलागणिक तब्येतच झिजते. म्हणजे जखमी असाल तर थोडं फिरणं हेच औषध, धडधाकट असाल तर सरळ बाहेरची वाट धरा. दुकान लागलं की आधी अन्न घ्या, तलवारीचं नंतर बघू.

(आमच्याकडे खेळांवर वाद दादा घालतो, शेवटपर्यंत पोचतात वहिनी. चालू द्या.)

मी: दादा, मारामारी वेगळी काढून बघितली तर फालतूच आहे. पण ती वेगळी काढायचीच कशाला? समोर कोण आणि किती येणार ते पान ठरवतं. धूळ, कवट्या हे इथल्या पत्त्यांचे रंग, आपल्या इस्पिक-बदामसारखे. धुळीची पंजी निघाली की पाच दरोडेखोर, कवट्यांची तिर्री निघाली की तीन सांगाडे. तुझ्या हातात कुठलं शस्त्र येईल ते तू गड्डीत काय भरलंस त्यावर. अंगात जीव किती उरलाय ते आधीच्या प्रसंगांवर. त्या प्रसंगांत ती चार पानं दाखवून, पिसून पालथी घालतात ना, यश, अपयश आणि दोघांची मोठी भावंडं, मोठं यश नि मोठं अपयश? त्यात तू काय उचललंस त्याचा हिशेब लढाईत होतो. तीन सांगाडे एरवी किरकोळ. पण डोक्यावर शाप, अंगावर चिलखत नाही आणि शेवटचं अन्न उरलेलं असेल तर तेच तीन सांगाडे घाम फोडतात. ती भीती पत्त्यांनी तयार केलेली असते. तलवार फक्त वसुलीला येते.

ताई: हेच! आणि गड्डी आपणच भरतो, म्हणून डीलरला शिव्याही देता येत नाहीत.

दादा: वसुली करणारा तरी धड हवा. ‘नियॉन व्हाइट’ बघ, २०२२चा. तिथे पान म्हणजे बंदूक, आणि तेच पान फेकलं की उडी नाहीतर झेप. गोळी झाडू की फेकू, हे पळता पळता ठरवायचं. पत्ते आणि हाणामारी यांत फटच नाही.

मी: मस्त आहे, पण ती शर्यत आहे, तिथे घड्याळाशी भांडण. तुला फट नको असेल तर ‘किंगडम हार्ट्स: चेन ऑफ मेमरीज’ घे. २००४चा, गेमबॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्रावरचा. प्रत्येक वार म्हणजे एक पान, त्यावर शून्य ते नऊ आकडा. शत्रूच्या पानावर मोठा आकडा टाकलास की त्याचा वार तुटतो. शून्य सगळ्यांना तोडतं, पण आधी टाकलंस तर कशानेही तुटतं. तीन पानं एकत्र टाकून मोठा घाव घालता येतो, पण त्यातलं पहिलं पान त्या लढाईपुरतं गेलं. गड्डी पुन्हा भरायला दर वेळी जास्त वेळ लागतो, तेवढ्यात समोरचा बदडून काढतो.

मामा: हे जमायला दोन डोकी लागतील.

मी: म्हणूनच अनेकांना तो नकोसा होतो. विचार करायला सवडच नाही. ‘हँड ऑफ फेट’मध्ये पानापाशी हवा तेवढा वेळ बस, लढाई लागली की विचार बंद. मला ही फट हवीच आहे.

दादा: तुला हवी आहे म्हणून कॅमेरा सुधारत नाही.

ताई: मामा, काही पानांवर टोकन दिसेल. त्या पानाची अट पूर्ण केलीस की टोकन मिळतं आणि त्यातून नवी पानं. पण टोकनवाली पानं बहुतेक त्रासदायकच. सोपी गड्डी भरून गुलाम, म्हणजे डावाच्या शेवटी उभा असलेला मोठा शत्रू, मारायचा की अवघड भरून पुढची गोष्ट उघडायची, खरा खेळ तिथे आहे. त्यापुढे राणी, राजा, असे धूळ, कवट्या, खवले आणि प्लेग या चारही रंगांत. मग डीलर स्वतः.

मामा: आणि दुसरा भाग आहे म्हणे?

वहिनी: २०१७चा. त्यात शस्त्रांना अर्थ आला. चिलखतवाल्यांना जड हत्यार, चपळ चोरांना दोन हातांत दोन. सोबतीला साथीदार असतो. नशीब आजमावायला पानांशिवाय फासे, लंबक आणि चाकही. टॅरोच्या, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांच्या, मुख्य पानांवर बेतलेली २२ आव्हानं आहेत.

दादा: दुसऱ्यातली मारामारी बरी आहे, एवढं मी कबूल करतो.

ताई: पण दर आव्हानाची अट निराळी, त्या अटींपायी आपल्या आवडीची पानं गड्डीबाहेर राहतात. मला तो कधीकधी गृहपाठ वाटतो.

वहिनी: मला नाही वाटत. पहिल्यात एकदा चांगली गड्डी जमली की हात आपोआप चालतो. दुसरा तसं होऊ देत नाही.

मामा: तिसरा?

मी: नाही येणार. ब्रिस्बेनची डिफायंट डेव्हलपमेंट नावाची कंपनी होती, २०१९मध्ये त्यांनी काम थांबवलं. दोन्ही भाग मात्र आपापल्या जागी पूर्ण आहेत.

मामा: मग मी कुठला धरू?

दादा: दुसरा.

ताई: पहिला!

वहिनी: पहिलाच धरा मामा. निदान एखादी राणी पडेपर्यंत.

मामा: सूनबाईंचं ऐकतो. धुळीचा गुलाम समोरच उभा आहे. हे डोक्यावर काय चमकतंय?

दादा: हिरवं चमकलं तर अडव. लाल चमकलं तर अडवायच्या फंदात पडू नकोस, लोळण घे.

मामा: थांब, दोघांच्या डोक्यावर एकदम चमकलं.

दादा: लालवाल्यापासून आधी लांब हो!! आणि फोन खाली ठेव.