फिफ्थ जनच्या लॅपटॉपला टेन्थ जन प्रोसेसर बसतो का? दुकानदार १४ हजार सांगतोय

पत्रिकावाला

नमस्कार मंडळी. तासगावात माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं, वाढदिवसाचे बॅनर, जे येईल ते करतो. लॅपटॉप २०१५ चा आहे, आय५ फिफ्थ जन (म्हणजे पाचव्या पिढीचा प्रोसेसर), ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, १५ इंची, डीव्हीडीवाला. डेस्कटॉप का घेत नाही असं कोणी विचारू नका, आमच्याकडं लाइटीचा भरवसा नाही आणि गिऱ्हाईक शेजारी बसून "मामाचं नाव जरा मोठं घ्या की" म्हणत असताना मशीन बंद पडलं की डोकं फिरतं.

तर त्रास असा की सकाळी शटर वर केलं की आधी लॅपटॉपचं बटण दाबतो, मग झाडू मारतो, देवाला उदबत्ती लावतो, समोरच्या गाड्यावरनं चहा येतो, तो पिऊन होतो आणि तेव्हा कुठं स्क्रीनवर आयकॉन दिसायला लागतात. मग कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडायला लावायचं आणि पुन्हा बसायचं. फोटोशॉपमधे दहा बाय वीसचा फ्लेक्स सेव्ह करायला टाकला तर माऊससुद्धा अडकत अडकत फिरतो.

परवा सांगलीत एका दुकानात दाखवला. तो म्हणाला प्रोसेसर जुना झालाय, काढून टेन्थ जनचा बसवून देतो, १४ हजार, निम्मे आत्ता द्या आणि मशीन आठ दिवस ठेवून जा. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू होतो त्यामुळं करायचं तर आत्ताच. असं होतं का खरंच? कोणी केलंय का?

बाळू_७७

होतं की दादा. मी माझ्या डेस्कटॉपला सिक्स्थ जनचा आय३ काढून सेव्हन्थचा आय५ बसवला होता, दहा मिनिटांचं काम, लिव्हर उचलायची, जुना काढायचा, नवा ठेवायचा, पेस्ट लावायची, झालं. १४ हजार जास्त वाटतात, घासाघीस कर, १० मधे करून देईल.

लॅमिंग्टनकर

बाळूभाऊ, डेस्कटॉपचं गणित लॅपटॉपला लावू नका, आणि डेस्कटॉपमधेसुद्धा तुमचं नशीब चांगलं होतं. सिक्स्थ आणि सेव्हन्थ दोन्ही एकाच ११५१ सॉकेटचे (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची खाच) म्हणून बसला. एट्थ जनचाही सॉकेट ११५१ च, दिसायला तोच, पण तुमच्या त्या जुन्या बोर्डावर चालला नसता, त्याला ३०० सीरिजचं चिपसेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणारी चिप, लागतं. कितीतरी लोक फसलेत त्यात.

पत्रिकावाले, पैसे दिले नसतील तर देऊ नका. मी वीस वर्षं लॅपटॉप उघडतोय म्हणून सांगतो. तुमचा फिफ्थ जनचा आय५ म्हणजे बहुतेक ५२००यू असणार. त्यातलं ते शेवटचं "यू" बघा. यू म्हणजे कमी वॅटचा, १५ वॅटचा, आणि तो सॉकेटमधे बसवलेला नसतो, थेट मदरबोर्डावर सोल्डर केलेला असतो, चिपच्या पोटाखाली हजारावर बारीक सोल्डरचे मणी असतात. याला बीजीए म्हणतात. ५२००यू ला असे ११६८ पॉइंट आहेत. टेन्थ जनचा १०२१०यू घेतला तर त्याला १५२८. म्हणजे जुनी चिप उचकटून नवी ठेवायची म्हटली तरी ठेवणार कुठे, खालचे पॉइंटच जुळत नाहीत. समजा चमत्काराने जुळले तरी बायोस, म्हणजे मशीन चालू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, त्याला ओळखणार नाही. फिफ्थच्या बोर्डावर टेन्थ हे होतच नाही. १४ हजारात नाही आणि ४० हजारातही नाही.

मग तो दुकानदार काय करणार होता? दोन शक्यता. एक, तुमच्याच मॉडेलचा आय७ वाला बोर्ड कुठनंतरी जुना आणून टाकणार. असं करता येतं, बॉडी तीच असेल तर बोर्ड बसतो. पण त्यात आय७-५५००यू असणार आणि तोही दोनच कोरचा, टर्बो (जास्तीत जास्त वेग) २.७ च्या जागी ३.० गिगाहर्ट्झ, कॅश (प्रोसेसरमधली छोटी मेमरी) ३ च्या जागी ४ एमबी. तुम्हाला फरक कळणारसुद्धा नाही, स्टिकर तेवढा बदलेल. दुसरी शक्यता लिहीत नाही, आठ दिवस मशीन ठेवून घेणं आणि निम्मे पैसे आधी मागणं यावरनं समजून घ्या.

खात्री करायची तर सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि "पॅकेज" समोर काय लिहिलंय ते इथे सांगा.

पत्रिकावाला

टाकलं. "सॉकेट ११६८ बीजीए" असंच दाखवतंय ओ. नाव पण ५२००यू च आहे. पैसे दिले नव्हते, वाचलो.

पण मग लॅपटॉपमधे प्रोसेसर बदलता येतो असं यूट्यूबवर दाखवतात ते काय खोटं असतं का?

जुनं_ते_सोनं

खोटं नसतं, मी केलंय. पण ते वेगळ्या जमान्यातले लॅपटॉप. इंटेलच्या फोर्थ जनपर्यंत, म्हणजे २०१३-१४ पर्यंत, काही लॅपटॉपात प्रोसेसर सॉकेटमधे यायचा. नंबरच्या शेवटी एम, क्यूएम किंवा एमक्यू असेल तर बघण्यात अर्थ होता, आणि त्यातही काही एम वाले सोल्डर केलेले निघायचे म्हणून उघडून किंवा सीपीयू-झेडने खात्री करावी लागायची. फिफ्थपासून इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरचा सॉकेटच गेला, सगळे सोल्डर.

माझा होता सेकंड जनचा आय३-२३३०एम, दोन कोर, टर्बो नाही. त्यात आय७-२६७०क्यूएम टाकला, चार कोर आठ थ्रेड, तो पण सेकंड जनच. पिढी बदलायच्या भानगडीत मी पडलोच नाही कारण थर्ड जनचा त्याच सॉकेटमधे जातो खरा पण लॅपटॉप कंपनीने तसा बायोस काढला असेल तरच चालू होतो, नाहीतर काळी स्क्रीन. आणि फोर्थचा तर सॉकेटच वेगळा. चिप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरनं जुनी आणली होती, एका बंद पडलेल्या मशीनमधून काढलेली, दुकानदाराने चालवून दाखवली मगच घेतली.

आता मजा सांगतो. डेस्कटॉपसारखी लिव्हर नसते, सॉकेटच्या कडेला एक स्क्रू असतो, चपट्या स्क्रूड्रायव्हरने अर्धा फेरा फिरवला की कुलूप उघडतं आणि चिप अलगद हातात येते. हिच्या पोटाखाली सोन्याच्या रंगाच्या पिना असतात, त्यातली एक जरी वाकली तरी गेलं काम. कोपऱ्यात एक बारका त्रिकोण असतो तो सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि चिप नुसती ठेवायची, दाबायची नाही, आपोआप बसते. मी पहिल्यांदा ठेवली तर जरा तिरकी वाटली, पंखा बंद करून, श्वास रोखून परत उचलून ठेवली. बायको म्हणाली पुरणाची पोळी तव्यावर टाकताना एवढी काळजी घेतली असतीत तर बरं झालं असतं.

चालू झाला पहिल्या झटक्यात. पण जुना ३५ वॅटचा आणि नवा ४५ चा, हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा भाग) मात्र तीच, ३५ वाल्याच्या मापाची. व्हिडिओ रेंडर लावला की टेंपरेचर ९० च्या वर आणि पंख्याचा आवाज असा की शेजारच्या खोलीतनं "मिक्सर बंद कर" अशी हाक यायची. चार्जर पण ६५ वॅटचा पुरेना, ९० चा घ्यावा लागला. एवढं सगळं करून विंडोज सुरू व्हायला लागणारा वेळ? तेवढाच, एक सेकंद कमी नाही. तो कमी झाला नंतर सहा महिन्यांनी एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, टाकल्यावर.

मेघना_टी

हेच लिहायला आले होते. पत्रिकावाले दादा, प्रोसेसरचा नाद सोडा आणि आधी एक करा, लॅपटॉप सुस्त झालेला असताना कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, तिथे सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे बघा आणि इथे लिहा. दुखणं कुठे आहे ते बघितल्याशिवाय औषध कशाला.

पत्रिकावाला

ताई, कोरल उघडताना बघितलं. सीपीयू २२ टक्के, मेमरी ९३, डिस्क १०० आणि ती १०० वरनं हलतच नाही, पाच मिनिटं झाली.

मेघना_टी

मग बघा, बिचारा प्रोसेसर रिकामा बसलाय. तुमचा प्रोसेसर म्हणजे चांगला आचारी आहे पण त्याला भाजी आणून देणारा पोऱ्या लंगडतोय. ती ५४०० आरपीएमची हार्डडिस्क सलग फाइल वाचायला सेकंदाला शंभरेक एमबी देते, पण विंडोज चालू होताना हजारो बारक्या फाइली इकडनं तिकडनं उचलायच्या असतात, तिथे ती एक-दोन एमबीवर येते. त्यात रॅम ४ जीबी, ती भरली की विंडोज उरलेलं सामान हार्डडिस्कवरच नेऊन ठेवतं, म्हणजे लंगड्या पोऱ्याच्या डोक्यावर अजून एक पोतं.

अडीच इंची साटा एसएसडी टाका, जागा तीच, स्क्रू तेच. आणि रॅम ८ ची एक वाढवा. रॅम घेताना डीडीआर३एल सांगा, शेवटचं एल महत्त्वाचं, १.३५ व्होल्टची. साधी डीडीआर३ तुमच्या प्रोसेसरला चालत नाही, दुकानदार "एकच आहे हो" म्हणून देतात.

फक्त एक, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचा एट्थ जन किंवा पुढचा लागतो. म्हणजे तुमच्या मशीनवर कितीही खर्च केला तरी हे दुखणं राहणारच. मी तुमच्या जागी असते तर ४-५ हजार यात घालण्यापेक्षा थोडे अजून घालून एट्थ जनचा रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून विकलेला जुना लॅपटॉप, घेतला असता.

लॅमिंग्टनकर

मेघनाताई, निदान बरोबर पण शेवटच्या सल्ल्याशी सहमत नाही. सीझन पंधरा दिवसांवर आलाय, आत्ता नवीन मशीन म्हणजे फॉन्ट, कोरलची सेटिंग, प्रिंटरचे ड्रायव्हर सगळं परत. श्रीलिपीचं (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) डोंगल, म्हणजे त्याची यूएसबी चावी, असेल तर ते नव्या विंडोजवर चालतं की नाही हे बघण्यात दोन दिवस जातात, माझ्या एका गिऱ्हाइकाचे गेलेत. आधी एसएसडी, सीझन काढा, मग निवांत दुसरं मशीन बघा, एसएसडी काढून त्यात घालता येईल.

रिफर्बिश्ड घ्याल तेव्हा मात्र नुसतं "आय७ आहे साहेब" ऐकून भुलू नका. आय७-५६००यू दोन कोरचा आणि आय५-८२५०यू चार कोर आठ थ्रेडचा, दोन्ही १५ वॅटचे. सेव्हन्थपर्यंत यू वाल्या आय५ मधे दोनच कोर यायचे, एट्थला ते चार झाले, खरी उडी ती. डॅशनंतरचा आकडा वाचायचा, सेकंडपासून नाइन्थपर्यंत पहिला आकडा पिढी, टेन्थपासून पहिले दोन. १०३५जी१ असं दिसलं तर ती टेन्थच, पहिल्या पिढीचा समजून सोडून देऊ नका.

पत्रिकावाला

मंडळी, आठ दिवसांनी येतोय. ५१२ ची एसएसडी साडेतीन हजारांना पडली, रॅम जुन्यातली ८ ची तेराशेला, डीडीआर३एल बघूनच घेतली. एक ४ ची बोर्डावरच चिकटवलेली निघाली आणि एक खाच रिकामी होती, म्हणजे आता १२ झाली. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्यानं विंडोज नवीन टाकून दिलं. बदल्यात त्याच्या दोस्ताच्या बहिणीची पत्रिका फुकट छापून द्यायची ठरलीय.

काय सांगू, बटण दाबलं आणि झाडू हातात घेईपर्यंत चालू. उदबत्तीची काडी ओढायच्या आत कोरल. चहावाला पोरगा म्हणतो, काका आज लवकर कामाला लागला. काल तर गिऱ्हाइकानं कुलदैवताचं नाव तीनदा बदललं आणि मला राग पण आला नाही.

आता एक शेवटचं. जुनी १ टीबी हार्डडिस्क पडून आहे, त्यात दहा वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली आहेत, लोक दुसऱ्या मुलाच्या लग्नाला येऊन "मागच्यासारखीच करा" म्हणतात त्यामुळं टाकता येत नाही. डीव्हीडी काढून तिथं कॅडीत (डिस्क बसवायचा साचा) बसवता येते असं पुतण्या म्हणतो. कॅडी दोन मापात मिळते म्हणे, कुठली घेऊ? आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमधे (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) ती डिस्क पिवळी दाखवतीय, "कॉशन" लिहिलंय, त्याचं काय?

लॅमिंग्टनकर

कॅडी ९.५ आणि १२.७ एमएम अशी येते, डीव्हीडी ड्राइव्ह बाहेर ओढा आणि पट्टीने जाडी मोजा, अंदाजाने घेऊ नका. पण कॅडी राहू द्या आत्ता. पिवळी म्हणजे बहुतेक खराब सेक्टर, म्हणजे डिस्कचे वाचता न येणारे भाग, निघायला लागलेत. आज रात्री दुकान बंद करायच्या आधी बाहेरची एखादी डिस्क आणून पत्रिकांचं फोल्डर आधी कॉपी करायला लावा, आणि कॉपी चालू असताना ती जुनी डिस्क हलवू नका.

पत्रिकावाला

लावलं कॉपीला. ८७ जीबी आहे, चार तास दाखवतंय. मागं ती कट् कट् असा आवाज करतीय. शटर अर्धं ओढून बसलोय.